अदलाबदलीत दिलेल्या पानापासून निराळेच रोप आले, तर चूक कोणाची?

ओली माती

नमस्कार. आम्ही चार-पाच बागप्रेमी गेली काही वर्षे एकमेकांना आपापल्याकडची जरा निराळी, रोपवाटिकेत सहसा न दिसणारी रोपे देतो आणि दुसऱ्यांकडची घेतो. त्यात पैशाचा व्यवहार नसतो. ज्याच्याकडे जे जास्तीचे असेल ते त्याने द्यावे आणि समोरच्याकडचे जे आवडले असेल ते मागून घ्यावे, इतकाच शिरस्ता आहे आणि आजवर तो बिनबोभाट चालला. यंदा प्रथमच त्यात थोडी कटुता आली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडे स्नेक प्लांटचा ‘बँटेल्स सेन्सेशन’ हा प्रकार आहे. त्याची पाने नेहमीच्या स्नेक प्लांटपेक्षा अरुंद असतात आणि त्यांवर बुडापासून टोकापर्यंत पांढऱ्या उभ्या रेघा असतात, जणू चुन्यात बुडवलेल्या काडीने कोणी एकेक ओढली आहे. झाड फार सावकाश वाढते, त्यामुळे कुंडी उपसून गड्डे वेगळे करण्याचा मला धीर झाला नाही. त्याऐवजी मी दोन निरोगी पाने बुडापासून कापली, त्यांचे बोटभर लांबीचे तुकडे केले, चार दिवस सावलीत सुकवले आणि एका ताईंना दिले. तुकडा उलटा रोवला तर त्याला मुळे फुटत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या खालच्या कडेला तिरका काप देऊन खूणही केली होती. बदल्यात ताईंनी मला होया केरीचे हृदयाच्या आकाराचे एक मुळे धरलेले पान लहानशा कुंडीत लावून दिले. त्याला अजून नवे पान आलेले नाही, पण ते टवटवीत आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आठ महिन्यांनी ताईंचा निरोप आला. बहुतेक तुकड्यांना मुळे आली होती, तीन ठिकाणी कोंबही वर आले होते, परंतु प्रत्येक कोंब साधा हिरवा होता आणि पांढरी रेघ औषधालाही नव्हती. मी मुद्दाम दुसऱ्याच झाडाची पाने दिली असे त्या म्हणाल्या नाहीत, मात्र “तुमच्या त्याच झाडाची पाने होती ना?” हे त्यांनी दोनदा विचारले आणि त्यामागचा रोख मला कळला. माझे मूळ झाड आजही पूर्वीसारखेच रेघांचे आहे.

असे का झाले, यात चूक कोणाची मानावी, आणि वेगळ्या रोपांची अदलाबदल करताना आधी काय विचारून आणि सांगून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पेर आणि डोळा

ताई, आपण फसवलेले नाही आणि त्या ताईंनीही लागवडीत काही चूक केलेली नाही. पानापासून वाढवले की हे झाड असेच वागते.

ज्या झाडांच्या पानांवर पांढरे-पिवळे काठ किंवा पट्टे असतात, त्यांतील बरीच झाडे शायमेरा असतात, म्हणजे एकाच झाडात दोन निराळ्या आनुवंशिक घडणीच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात: काही पेशींना हरितद्रव्य तयार करता येते, काहींना येत नाही. पिवळ्या काठांचा ‘लॉरेंटी’ हा स्नेक प्लांट याचे सर्वांच्या पाहण्यातले उदाहरण आहे. गड्ड्याच्या वाढत्या टोकात या पेशींचे थर ठरावीक क्रमाने रचलेले असतात आणि तो क्रम टिकून आहे तोवर प्रत्येक नव्या पानाला पिवळा काठ येतो. पान कापून रोवल्यावर मात्र त्या जुन्या टोकाचा संबंध संपतो. नवा कोंब पानाच्या आतल्या भागातील पेशींपासून नव्याने घडतो, त्या पेशी हिरव्या असतात, आणि म्हणून रोपही हिरवे निघते. ‘बँटेल्स सेन्सेशन’ त्याच पंथातले आहे. ते हवे असेल तर गड्ड्याची विभागणी करूनच घ्यावे लागते, कारण त्या तुकड्याबरोबर वाढते टोक जसेच्या तसे जाते.

आफ्रिकन व्हायोलेटच्या ज्या जातींच्या फुलांवर चक्रीसारखे पट्टे असतात, त्यांचेही हेच दुखणे आहे. पान लावले तर रोप उत्तम येते, पण फुले बहुधा एकरंगी निघतात. पट्टे हवे असतील तर बाजूचे फुटवे किंवा फुलाचा दांडा लावावा लागतो.

पांढऱ्या चट्ट्यांच्या मॉन्स्टेराची गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिच्यातच सर्वांत जास्त मनस्ताप होतो, असा माझा अनुभव आहे. तेथे पांढऱ्या पेशींचा पट्टा खोडावरून उभा धावतो. तुकडा घेताना आपण सगळेच पान पाहतो, आणि अर्धे पांढरे, अर्धे हिरवे पान दिसले की हरखून जातो. खरे पाहायचे असते ते पानाचा देठ खोडाला जेथे चिकटतो तेथे, पेरापाशी. देठाच्या बेचक्याच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढा फुगीर डोळा असतो, आणि पुढची सगळी वेल त्या एका डोळ्यातून येणार असते. पांढरा पट्टा त्या डोळ्याच्या मधून गेला असेल तर नशीब उघडले. डोळा सर्वस्वी हिरव्या बाजूला असेल तर वेल हिरवी होण्याचीच शक्यता अधिक, आणि तो सर्वस्वी पांढऱ्या बाजूला असेल तर निघणारी दुधासारखी पाने दिसायला कितीही देखणी असली तरी हरितद्रव्यावाचून ती स्वतःचे पोषण करू शकत नाहीत आणि काही काळाने कोंब मान टाकतो. म्हणून देवाणघेवाणीपूर्वी पानाचा फोटो पाठवण्याऐवजी पेराचा, तोही दोन्ही बाजूंनी, मागावा.

आता थोडे अप्रिय लिहितो. आपल्याला मिळालेल्या होया केरीच्या पानाला पेराचा भाग नसेल, तर ते पान मुळे धरूनही वर्षानुवर्षे तसेच उभे राहील. त्यातून वेल निघणार नाही, कारण वेल फुटायला डोळा लागतो आणि तो पानात नसून खोडाच्या पेरात असतो. कुंडीतली माती देठाच्या बुडापाशी अलगद बाजूला करून पाहावी. खोडाचा लहानसा तुकडा दिसला तर आशा आहे. नुसता देठ असेल तर ते पान शोभेची वस्तू म्हणून ठेवावे. याचा अर्थ असा की दोघींनीही एकमेकींना मनापासून आणि अजाणतेपणी अपुरीच वस्तू दिली, आणि मला वाटते की हे कळल्यावर कटुता आपोआप निवळेल.

काटेसावर

वरचे शास्त्रीय विवेचन मान्य आहे, परंतु चूक कोणाचीच नाही असा त्यातून जो सूर निघतो तो मला पटत नाही. जो आपल्याकडचे झाड जातीच्या नावासह देतो, त्याने ते कशापासून वाढते हे जाणून घेतले पाहिजे. ‘बँटेल्स सेन्सेशन’ म्हणून दिले, म्हणजे त्या नावाची जबाबदारी घेतली. ठाऊक नसेल तर “पानापासून पूर्वी कधी वाढवून पाहिलेले नाही” इतके एक वाक्य लिहिले असते तरी पुरे होते.

नावांच्या बाबतीत तर आपण फारच सैल असतो. मॉन्स्टेरा अॅडन्सोनाय सर्रास ऑब्लिक्वा म्हणून दिले जाते. वास्तविक ऑब्लिक्वाच्या काही रूपांचे पान कागदासारखे पातळ असते, त्यात पानापेक्षा भोकेच जास्त असतात आणि ते लागवडीत क्वचितच आढळते. अडेनियमच्या निवडक रंगाच्या झाडाचे बी त्याच रंगाच्या नावाने दिले जाते, आणि बियांचे रोप आईसारखेच फुलेल याची काहीही शाश्वती नसते. उलट छाट कलम दिले तर रंग तोच मिळतो, पण खोड बियांच्या रोपासारखे गरगरीत फुगत नाही. म्हणजे घेणाऱ्याला फूल हवे आहे की खोड, हे आधी विचारायला हवे. नाव खात्रीचे नसेल तर “नाव ठाऊक नाही” असे लिहून द्यावे. त्याने रोपाची शान कमी होत नाही.

बरोबरीचे काय, हेही ताईंनी विचारायला हवे होते, कारण खरी भांडणे तेथे होतात. माझ्या मते दुर्मीळपणाचा हिशेब करत बसू नये, तो महिन्या-महिन्याला बदलतो. स्थितीचा हिशेब करावा: मुळे धरलेल्या रोपाला मुळे धरलेले रोप, बिनमुळाच्या फांदीला बिनमुळाची फांदी, बियांना बिया. आणि दोन महिन्यांत रोप दगावले तर आपल्याकडे शिल्लक असल्यास पुन्हा द्यावे, असे आधीच ठरवावे.

पेर आणि डोळा

काटेसावर, जबाबदारीचा आपला मुद्दा रास्त आहे. मी चूक आणि लबाडी यांतला फरक दाखवत होतो. “चूक नाही” हे शब्द मी जरा सढळ हाताने वापरले. मात्र दुर्मीळपणाचा हिशेब नको म्हणणे सोपे आहे, पाळणे अवघड. ज्याने एखादा सावकाश वाढणारा निवडुंग बियांपासून आठ वर्षे सांभाळला, त्याला महिन्याभरात मुळे धरणाऱ्या पोथोसचा, म्हणजे मनी प्लांटचा, वेल बरोबरीचा वाटणार नाही, आणि वाटू नये. गेलेला काळ हिशेबात धरावाच लागतो.

गुटी कलम

जातीची चर्चा झाली, कलमांची झाली. या सगळ्यात रोपाबरोबर जे न मागता येते त्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, आणि मला ठेच लागलेली असल्याने मी लिहितो.

एका स्नेह्यांनी मला हॅवर्थिया या लहान मांसल झाडाचा, पानांच्या टोकाला पारदर्शक खिडक्या असलेला एक सुंदर प्रकार दिला होता. पाने स्वच्छ होती, मी भिंगाने पाहिली होती, आणि त्याच संध्याकाळी कुंडी इतर हॅवर्थियांच्या ओळीत नेऊन ठेवली. तीन महिन्यांनी त्या ओळीतील झाडे एकामागून एक निस्तेज होऊ लागली. पाणी कमी पडले म्हणून वाढवले, मग जास्त झाले म्हणून थांबवले. शेवटी एक झाड कुंडीतून उपटले, तेव्हा कुंडीच्या आतल्या भिंतीवर आणि मुळांच्या जाळीत पीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण होता. हा पानांवर येतच नाही, त्यामुळे पाने कितीही तपासली तरी सापडत नाही, आणि पाण्याच्या निचऱ्याबरोबर व मुंग्यांच्या मदतीने शेजारच्या कुंडीत जातो. सात कुंड्या उपसाव्या लागल्या. सगळी माती टाकून दिली, मुळे वाहत्या पाण्याखाली धुतली, झाडे काही दिवस उघडी सुकवली आणि मग नव्या मिश्रणात लावली. त्यांतली दोन वाचली नाहीत.

तेव्हापासून आलेले प्रत्येक रोप, मग ते कितीही जवळच्या माणसाकडचे असो, मी मातीतून पूर्ण मोकळे करतो, मुळे धुतो आणि निदान चाळीस दिवस इतर झाडांपासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवतो. चाळीस हा आकडा अंधश्रद्धेतून आलेला नाही. पिठ्या ढेकणाची एक पिढी उबदार हवेत साधारण महिन्याभरात पुरी होते, म्हणजे येताना केवळ अंडी असतील तरी तेवढ्या काळात किडे नजरेला पडतात. फुलकिडे त्याहून लबाड आहेत. त्यांची मादी अंडी पानाच्या आतच घालते, त्यामुळे ती पुसून किंवा धुऊन निघत नाहीत, आणि त्यांतल्या अनेक जाती कोषावस्थेत मातीत उतरतात. रोपाशेजारी एक चिकट पिवळा किंवा निळा कागद उभा करून ठेवावा. त्यावर एकही फुलकिडा चिकटला तर मुदत पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजावी.

ऑर्किड देणाऱ्या-घेणाऱ्यांनी एक गोष्ट अधिक सांभाळावी. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू ऑर्किडांत फार पसरलेले आहेत, त्यांवर उपाय नाही, आणि ते मुख्यतः कापण्याच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्या झाडात जातात. रोगट झाड कित्येकदा वरून ठणठणीत दिसते. पाते नुसते स्पिरिटने पुसून हे विषाणू भरवशाने मरत नाहीत. सिकेटर ज्योतीवर चांगला तापवावा किंवा प्रत्येक झाडासाठी दाढीचे नवे पाते वापरावे.

पाठवणीबद्दल थोडक्यात लिहितो. निवडुंग आणि मांसल झाडांचे तुकडे जखम सुकवून, कोरड्या कागदात. पातळ पानांच्या वेली ओलसर, पण पिळून काढलेल्या स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळात. या दोहोंत गल्लत केली तर पहिले कुजतात आणि दुसरे वाळतात. नावाची पट्टी पेन्सिलीने लिहावी, शाई उन्हात उडून जाते.

ओली माती

आपणा सर्वांची मी आभारी आहे. होयाचे पान पाहिले. नुसता देठ आहे.

आणखी एक शंका विचारते. माझी धाकटी बहीण परदेशात राहते आणि तिलाही बागेचा नाद आहे. तिच्याकडे घटपर्णीची काही झाडे आहेत. एखादा तुकडा तिने लिफाफ्यात घालून पाठवला, किंवा मी तिला बिया पाठवल्या, तर इतक्या लहान गोष्टीसाठी नियम आडवे येतात का?

घटपर्णी

येतात, आणि आकाराने लहान असल्याची सवलत सहसा मिळत नाही. सीमा ओलांडणाऱ्या जिवंत रोपाबरोबर पाठवणाऱ्या देशाच्या यंत्रणेने दिलेले वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र असावे, असा बहुतेक देशांचा नियम आहे. बियांनाही तो पुष्कळ ठिकाणी लागू असतो, आणि माती तर बऱ्याच देशांत मुळीच चालत नाही. त्याशिवाय ‘साइट्स’ हा संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, जो १९७३ मध्ये ठरला आणि १९७५ पासून अमलात आला. घटपर्णीचा नेपेंथस हा सगळा वंश त्याच्या याद्यांमध्ये आहे. त्यांतली नेपेंथस राजा आणि नेपेंथस खासियाना या दोन जाती तर सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. ऑर्किडांचे आणि निवडुंगांचे जवळजवळ संपूर्ण कूळ याद्यांत येते, आणि पॅफिओपेडिलम ही स्लिपर ऑर्किडे पहिल्या परिशिष्टात. भेट म्हणून दिले, पैसे घेतले नाहीत, या कारणाने परवान्यातून सुटका होत नाही.

हे नियम जाचक वाटतात, मलाही वाटत असत. पण दक्षिण इटलीत २०१३ मध्ये ऑलिव्हच्या झाडांत झायलेला हा जीवाणू प्रथम सापडला, त्यापुढे तेथील लक्षावधी झाडे वाळली, आणि जनुकीय पुराव्यावरून तो शोभेच्या कॉफीच्या रोपातून आला असावा असे मानले जाते. कोणीतरी ते रोपही हौसेनेच मागवले असेल.

बहिणीकडून काही घ्यायचेच असेल तर आधी तिला विचारावे की तिचे झाड नर आहे की मादी. घटपर्णीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि फांदी लावून केलेले रोप आईच्याच लिंगाचे राहते. एका नर झाडाच्या फांद्या वीस घरांत वाटल्या तर वीस नर झाडे होतील, बी कोणाकडेच धरणार नाही. ही कल्पित अडचण नव्हे. एन्सेफालार्टोस वुडाय या सायकसवर्गीय झाडाचा एकच नर पुंजका १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जॉन मेडली वुड यांना सापडला. आज वनस्पती-उद्यानांत त्याची जी झाडे आहेत ती सारी त्याच्याच फुटव्यांपासून झालेली, सारी नर. मादी झाड आजवर सापडलेले नाही.

फ्रँकलिनिया या फुलझाडाचे नशीब त्या मानाने बरे. जॉन आणि विल्यम बार्ट्रम या पिता-पुत्रांनी ते १७६५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात अल्टामाहा नदीकाठी पाहिले. रानात ते शेवटचे दिसले १८०३ मध्ये. आज बागांतून जे फ्रँकलिनिया फुलते ते बार्ट्रम यांनी आणून वाढवलेल्या आणि पुढे हातोहात वाटल्या गेलेल्या झाडांचीच संतती आहे. म्हणून माझा आग्रह असा की आपल्याकडे एखादे खरोखर निराळे झाड असेल तर त्याचे पहिले जास्तीचे रोप आपल्याकडे न ठेवता दुसऱ्याला द्यावे. आपले गेले तर मागायला जागा राहते. माझी दोन झाडे अशीच परत आली आहेत.

मात्र सगळेच उदारपणे वाटू नये. ‘मदर ऑफ थाउजंड्स’ या नावाच्या कलांकोच्या पानांच्या कडेला शेकडो पिल्ले येतात, ती शेजारच्या प्रत्येक कुंडीत रुजतात, आणि झाड जनावरांना विषारी असते. मागणाऱ्याला हे आधी सांगावे. तरीही हवे असेल तर द्यावे. तसेच नव्या संकरित जातींवर बऱ्याच देशांत पैदासकाराचा हक्क असतो आणि त्यांची कलमे करून वाटायला परवानगी लागते, तेवढे पट्टीवर पाहून घ्यावे.

ओली माती

पंधरा दिवसांनी लिहीत आहे. ‘बँटेल्स सेन्सेशन’ची कुंडी शेवटी आडवी करून उपसली. मला वाटत होते त्यापेक्षा आत बरेच काही चालले होते: आडवा गड्डा कुंडीच्या कडेने जवळजवळ अर्धा फेरा मारून आला होता आणि त्याला दोन फुटवे होते, एकाला चार पाने आणि दुसऱ्याला नुकतीच वर येऊ लागलेली टोकदार, पांढऱ्या रेघेची सुई. चार पानांचा फुटवा मुळांसह वेगळा केला, काप दोन दिवस सुकू दिला आणि निराळ्या कुंडीत लावला. मुळे भिंगाखाली पाहिली. पिठ्या ढेकूण नाही.

ताईंना सगळे कळवले आणि माझ्याकडून सांगायचे राहिले होते हेही लिहिले. त्या आधी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग त्यांनी होयाच्या वेलीचा दोन पेरांचा तुकडा मुळे धरायला ठेवला असल्याचे सांगितले. त्यांनाही ते पान कोणाकडून तरी तसेच मिळाले होते आणि त्यांच्याकडच्या त्याच्या भावंडालाही तीन वर्षांत काही फुटलेले नव्हते. वेल त्यांनी नंतर निराळी मिळवली. ते हिरवे कोंबही टाकणार नाहीत, असे म्हणाल्या. फुटवा स्थिरावला की तो त्यांच्याकडे जाईल आणि तेथे चाळीस दिवस वेगळ्या खोलीत राहील. खोली त्यांनी आधीच ठरवली आहे.